निळ्या पुस्तकाची बोली

आमच्या भाऊंना लिलावाला एकटं सोडायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. भाऊ म्हणजे माझे वडील. दारूला शिवले नाहीत, पत्त्यांना हात लावला नाही, तंबाखू खायचे तीसुद्धा आईच्या नजरेआड. पण कुठे लिलाव आहे असं कानावर आलं की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळायचे. लोणावळ्यात तेव्हा मुंबईच्या शेठलोकांचे जुने बंगले एकामागून एक विकले जात होते. मालक म्हातारपणी जायचे, मुलं परदेशात, पुतण्या-भाच्यांना वाटणीची घाई. मग पुण्याहून कुणी लिलाववाला यायचा, अंगणात खुर्च्या, कपाटं, आरसे, तसबिरी मांडायचा आणि हातोडा आपटून सगळं दुपारपर्यंत फुंकून टाकायचा. भाऊ रेल्वेत गँगमन, खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळायचे. सुट्टीच्या दिवशी लिलाव आला की परीटघडीची टोपी घालून "नुसतं बगाया जातो" असं सांगून निघायचे आणि येताना डोक्यावर काहीतरी घेऊन यायचे.

असं करत करत आमच्या घरात काय काय आलं! साहेबलोकांनी टोप्या अडकवायची पितळी आकड्यांची उभी खुंटी आली, तिला आई कांद्याच्या माळा टांगायची. सिंहाच्या पायांचा पांढराशुभ्र न्हाणीचा टब आला. त्यात म्हैस आंबोण खायची, आणि मला नाही वाटत पुणे जिल्ह्यात दुसरी कुठली म्हैस इतक्या थाटात जेवली असेल. सगळ्यांत कहर म्हणजे एका टकल्या, मिशाळ, लालबुंद गोऱ्या साहेबाचं तैलचित्र आलं, सोनेरी चौकटीसकट. ती चौकट एवढी मोठी की एकाच भिंतीवर बसत होती, आणि ती भिंत होती चुलीसमोरची. त्यामुळे साहेब दोन्ही वेळा आमच्या ताटात डोकावायचा. आई कित्येक दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवली. पाहुणे विचारायचे, "हे कोन म्हनायचे?" भाऊ शांतपणे सांगायचे, "बंगल्यातले हायेत." जणू तो चार दिवस राहायलाच आला होता. गावाकडची एक म्हातारी तर त्याच्या पाया पडून गेली. पाटीवर मी पहिलं चित्र काढलं ते त्याच्याच मिशांचं. चित्रकलेतले माझे पहिले गुरू कोण, असं हल्ली मुलाखतीत कुणी विचारलं तर खरं उत्तर हेच आहे, पण मी ते देत नाही. एक तर कुणाला पटायचं नाही, आणि दुसरं, गुरूचं नाव मला अजून माहीत नाही.

भाऊंना हे वेड लागलं त्याला कारण आमचं गाव. तिकोणा पेठेच्या अलीकडे, पवनेच्या काठाला आमचं मूळ गाव. तिथे गावदेवीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवीला आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो: साड्या, खण, नारळ, कोंबडे, कुणी वाहिलेला आंबेमोहराचा पहिला पायलीभर तांदूळ. त्या लिलावात पहिल्या बोलीचा मान आमच्या घराचा. नुसता मान नव्हता, त्याच्या मागे रीत होती. देवीची वस्तू पहिल्या शब्दाला जाऊ द्यायची नाही. मानकऱ्याने बोली लावली आणि पुढे कुणी बोललंच नाही, तर मानकऱ्याने स्वतःच्याच बोलीवर पुन्हा बोली चढवायची. पुन्हा कुणी बोललं नाही, पुन्हा चढवायची. दुसरा आवाज उठेपर्यंत हे चालायचं. आणि दुसरा आवाज एकदा उठला की मानकऱ्याने तोंड मिटायचं. त्याच्यावर बोली चढवणं म्हणजे हावरटपणा. गावातले लोक शहाणे, ते भाऊंना दोन-तीनदा स्वतःवर चढू द्यायचे, गालात हसायचे, आणि मग कुणीतरी सोडवायचं. यात देवीला चार पैसे जास्त मिळायचे, आमच्या घराचा मान राहायचा आणि गावाची करमणूक व्हायची.

भाऊ ही रीत पोटात घेऊनच लोणावळ्याला आले होते. बंगल्याच्या अंगणात एखादी वस्तू पुढे आली आणि कुणीच तोंड उघडलं नाही की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "अगं, समद्यांच्या म्होरं त्यो टब नुसताच उभा. कुनी इचारंना. बरं दिसतं का ते?" असं ते आईला सांगायचे. म्हणून ते पहिली बोली करायचे, आणि पुण्याचा लिलाववाला घाईघाईने हातोडा आपटून मोकळा व्हायचा. याचा भाऊंना फार राग होता. "लय घाई त्या मानसाला. आजून मी चढवनार व्हतो." हे ऐकल्यावर आईने कपाळाला हात लावला होता आणि पुढच्या लिलावापासून ती स्वतः बरोबर जायला लागली.

आमचं घर भुशीच्या वाटेला, रेल्वेच्या हद्दीपासून थोडं वर. आता त्या वाटेवर शनिवार-रविवारी गाड्यांची अशी रांग लागते की स्थानिक माणसाला दूध आणायला जायचं तरी शुक्रवारीच आणून ठेवावं लागतं. तेव्हा तिथे संध्याकाळनंतर चिटपाखरू नसायचं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे गोठा. घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी इंजिनं दम खात यायची, तो आवाज भिंतीतून आमच्या पाठीला लागायचा, आणि फळीवर एखादी वाटी ठेवलेली असली तर ती किणकिणायची. म्हशीची साखळी, भाऊंचं घोरणं, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, यातच मी वाढले. जेवायला तांदळाची भाकरी आणि काहीतरी झणझणीत. ओढ्याला चिंबोऱ्या मिळाल्या की त्यांचं कालवण, नाही मिळाल्या की सुकटीची चटणी, आणि कुणी आजारी पडलं की हुलग्याचं माडगं. आई आंदर मावळातली. चार डोंगर चालूनही शाळा न लागणाऱ्या गावातून आलेली. कमी बोलायची, आणि बोलायची ते बहुतेक म्हशीशी. म्हशीच्या दुधाचे पैसे मात्र तिचे स्वतःचे. ती ते तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची, दुसरी म्हैस घ्यायची म्हणून. भाऊंना ते ठाऊक होतं, पण त्या कणगीत हात घालायची त्यांची छाती नव्हती.

दूध घालायचं काम माझं. शाळेच्या आधी तीन-चार बंगले, आणि शेवटचा बंगला मेहेरबाईंचा. मेहेरबाई पारशी, एकट्या, वयाने खूप मोठ्या. दुधाची पातेली उंच धरून त्यात बोट बुडवून चाखायच्या आणि रोज म्हणायच्या, "पानी नाय घातला, शाबास." जणू आदल्या दिवशी घातलं होतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक कपाट भरून चित्रांची पुस्तकं होती. एकदा मी दाराशी उभी राहून भिंतीवरचं एक चित्र पाहत होते, दुधाची किटली हातात तशीच. त्यांनी ते पाहिलं आणि कपाटातून एक जाडजूड, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. टेबलावर ठेवून एकच पान उघडलं. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "छोकरी, हात नाय. दुधाचा वास लागेल. डोळाने बघ." मी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं. "उद्या दुसरा पान."

त्या दिवसापासून रोज एक पान. मेहेरबाई पान उलटायच्या आणि खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे पाहायच्या. चित्राकडे त्या फारसं पाहतच नसत. समजावून काही सांगायच्या नाहीत. पुस्तक इंग्रजी, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यामुळे मी आपली समजूत करून घेतली की ही सगळी एकच गोष्ट आहे. पंख असलेली गुबगुबीत पोरं आली, मग एक मेजवानी आली, मग एक चिडलेला म्हातारा आला. मग एक निळ्या झग्यातली बाई आली. ती रोज थोडीथोडी पुढे सरकायची: एका पानावर आरशात पाहतेय, दुसऱ्यावर खिडकीशी शिवत बसलीय, तिसऱ्यावर दाराच्या कडीवर हात ठेवून उभी. ते दार ती उघडणार की नाही, याची मला अशी हुरहुर लागली की त्या रात्री मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले. चुलीसमोरच्या साहेबाला तेवढंच सुख झालं असेल. आणि दुसऱ्याच दिवशी मला गोवर आला.

मी अंथरुणावर, अंगभर पुरळ, आणि दूध घालायला आई जायला लागली. मी रोज विचारायचे, "आई, मेहेरबाईंनी पुस्तक काडलं का? त्या बाईनं दार उगडलं का?" आई म्हणायची, "मी काय बगत बसते व्हय? दूध घालते नि येते." मी पांघरुणात रडायचे. मी बरी झाले आणि किटली उचलणार, त्याच सुमारास मेहेरबाई गेल्या. दुखणं नाही, काही नाही, सकाळी उठल्याच नाहीत. बंगल्याच्या फाटकाला कुलूप लागलं. काही दिवसांनी मुंबईहून त्यांचा भाचा आला आणि अंगणात लिलाव पुकारला गेला. सामान, तसबिरी, आणि "चित्रांची पुस्तकं, एक खोकं".

मी भाऊंना म्हटलं, मला ते निळं पुस्तक पाहिजे. माझ्या आयुष्यात मी त्यांच्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू असेल. भाऊंनी क्षणभरही विचार केला नाही. लिलावाला जायला इतकं चांगलं कारण त्यांना तोपर्यंत कधी मिळालंच नव्हतं. "घेऊ की! त्यात काय!" आई गोठ्यातून आत आली. कणगीकडे गेली, कमरेला काहीतरी खोचलं आणि वर पदर बांधला. मला वाटलं भाऊंनी पुन्हा एखादा टब घेतला तर हमाली द्यायची तयारी असेल.

लिलावाच्या दिवशी आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली. बंगल्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुण्या-मुंबईचे सात-आठ व्यापारी, दोन-तीन बंगलेवाल्या बायका, बाकी आमच्यासारखे उभे राहणारे. आम्ही जांभळीच्या सावलीत बसलो आणि लिलाव सुरू व्हायच्या आत आईने शिदोरी सोडली. सुकटीचा वास वाऱ्यावर गेला तसे पुढच्या रांगेतले दोन सूटवाले रुमाल नाकाला लावून मागे जाऊन बसले, आणि आम्हाला पुढे बसायला जागा झाली. मी आजही लिलावघरात जाते तेव्हा ही युक्ती आठवते. पण आता पुष्कळसे लिलाव मोबाइलवर होतात, तिथे सुकटीचा काही उपयोग नाही. माझ्या भाच्याने मला ते शिकवलंय: चित्र दिसतं, खाली बोलीचं बटण असतं, दाबलं की झालं. एकदा कुतूहल म्हणून मी स्वतःच्याच बोलीवर बोली चढवायचा प्रयत्न केला. यंत्राने घेतली नाही. यंत्राला रीत कळत नाही.

त्या दिवशीचा लिलाववाला वयस्कर, सावकाश बोलणारा माणूस होता. प्रत्येक वस्तूचं कौतुक करायचा, चहाचा घोट घ्यायचा, मग "एक वार" म्हणायचा. भाऊंचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांनी त्यांना मनासारखा माणूस भेटला होता. पलंग गेले, घड्याळ गेलं, भिंतीवरची चित्रं गेली. त्यांतलं एक समुद्राचं होतं, ते सफारी घातलेल्या, सुपारी चघळणाऱ्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याने घेतलं आणि तो पुन्हा पेंगायला लागला. मग माझं खोकं आलं. लिलाववाल्याने निळं पुस्तक वर काढून दाखवलं. भाऊंनी खाकरून पहिली बोली केली. अगदी माफक, आम्हाला झेपणारी.

कुणी बोललं नाही. पुस्तकं कुणाला हवी होती! "एक वार," लिलाववाला म्हणाला आणि चहाकडे वळला. माझं पुस्तक घरी आल्यात जमा होतं. आणि भाऊंनी पुन्हा तोंड उघडलं.

"आनि सव्वा वर."

लिलाववाल्याचा कप हातातच राहिला. "अहो, आधीची बोली तुमचीच आहे."

"म्हाईत हाय," भाऊ म्हणाले. "म्हनून तर चढवली."

"पण दुसरं कोणी बोललेलं नाही."

"तेच म्हनतोय मी. कुनीच बोलंना. म्हातारीची पुस्तकं हायेत, अशी पयल्या सबदाला जाऊ द्यायची व्हय? आनि सव्वा वर."

मी त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "भाऊ, भाऊ, नगा." त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, जसा देवळात करायचे. लोक हसायला लागले. बंगलेवाल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. भाऊंना वाटलं सगळे खूश आहेत, म्हणून त्यांनी आणखी एकदा चढवली. हसण्याने सफारीवाला जागा झाला. त्याने शेजाऱ्याला विचारलं काय चाललंय. मग भाऊंकडे, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा भाऊंकडे निरखून पाहिलं. त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते मी आता ओळखू शकते, कारण मीही या धंद्यातल्या माणसांत बरीच वर्षं काढली आहेत. टोपीवाला गडी आपल्याच बोलीवर बोली चढवतोय, म्हणजे खोक्यात काहीतरी घबाड आहे आणि याला ते हातचं जाऊ द्यायचं नाहीये. व्यापाऱ्याला वेडा माणूस कधी दिसत नाही, त्याला फक्त लबाड माणूस दिसतो. त्याने सुपारी गालात सरकवली आणि भाऊंच्या वर बोली केली.

आणि भाऊंनी हाताची घडी घातली. समाधानाने. दुसरा आवाज उठला होता, मेहेरबाईंच्या पुस्तकांचा मान राहिला होता, मानकऱ्याचं काम संपलं होतं.

"एक वार," लिलाववाला म्हणाला.

"भाऊ, बोला ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"आता न्हाई बोलायचं, मंदे. दुसऱ्याच्या बोलीवर मानकऱ्यानं जायचं नसतं. हावरटपना व्हतो त्यो."

"पन पुस्तक चाललं ना!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. आपण कशासाठी आलो होतो ते त्यांना तेव्हा आठवलं असावं. घराण्यात कुणी मोडली नाही ती रीत एका बाजूला आणि रडवेली पोर दुसऱ्या बाजूला, असा तो साधा माणूस मध्ये अडकला होता. मला त्यांचा इतका राग आला होता की काही विचारू नका.

"दोन वार."

"आनि पाच वर," असा आवाज माझ्या मागून आला.

आधी मला कळलंच नाही कोण बोललं. गावच्या लिलावात बायका देवळाच्या कडेला बसतात, बोली करत नाहीत. आणि हा आवाज मी बहुतेक गोठ्यातच ऐकलेला. आई उभी होती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, नजर जमिनीकडे, पण उभी होती.

"अगं," भाऊ पुटपुटले, "आपल्या घराची बोली झालीय. चालत न्हाई तसं."

"ते तुमच्या गावात," आई म्हणाली. "मी आंदर मावळातली हाय. आमच्या हितं असली रीत न्हाई."

सफारीवाल्याने बोली चढवली. आईने चढवली. त्याने चढवली, आईने पुन्हा चढवली, दर वेळी तेवढ्याच हळू आवाजात, जशी ती म्हशीला सरक म्हणायची. तिची एक म्हैस त्या अंगणात आमच्या डोळ्यांदेखत वितळत होती. ती दुसरी म्हैस आमच्याकडे पुढे खूप उशिरा आली. तोपर्यंत भाऊंचे चुलतभाऊ जत्रेला भेटले की आईला चिडवायचे, "काय वैनी, पुस्तक किती दूध देतंया?" आई सांगायची, "लय न्हाई देत. पन वैरण लागत न्हाई."

भाऊंना राहवेना. ते तिच्याजवळ सरकले. "अगं, पोरीसाटी म्हनून इतकं? दुसरं घेऊ तिला एखांदं."

"पोरीसाटी न्हाई," आई म्हणाली. "मला बगायचंय."

"काय बगायचंय?"

"म्होरं काय झालं ते." आईने पहिल्यांदा मान वर केली, आणि बोलली ती माझ्याकडे बघून. "पोरगी गोवरानं पडली तवा म्हातारीनं मला बी दावली पानं. रोज एक. ती निळी बाई दार उगडून गेली भायेर. होडीत बसली. तिथवर मी बगितलंय. मंग म्हातारीच गेली. पार कुटं लागली का मधीच बुडली, ते मला ठावं पायजे."

म्हणजे मी पांघरुणात रडत होते तेव्हा ही बाई माझ्या पुढची पानं पाहून आली होती, आणि घरी येऊन चुलीपुढे बसून गप्प राहिली होती. कोण रागवणार तिच्यावर! रोज एक चित्र पाहायचं, किटली उचलायची, घरी यायचं आणि कुणाला सांगायचं नाही, इतकं स्वतःचं असं तिच्याजवळ दुसरं काय होतं? पुढे मी चित्रकलेचं शिक्षण घेतलं आणि मला कळलं की दारातली बाई आणि होडीतली बाई या दोघी वेगळ्या चित्रकारांच्या, वेगळ्या देशांतल्या, त्यांच्यात शे-दीडशे वर्षांचं अंतर. मी मोठ्या तोऱ्यात आईला ते सांगितलं. तिने चित्र पुन्हा नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुला काय कळतंय? तीच हाय. जरा वाळलीय, परक्या पान्यानं."

सफारीवाला आणखी एकदा चढला. आईने त्याच्यावर पाच चढवले. त्याने खोक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, खांदे उडवले आणि सुपारी थुंकायला उठून गेला. एक वार, दोन वार, तीन वार. हातोडा पडला. मी खोक्याला मिठी मारली.

लिलाववाल्याने लेखणी काढली आणि भाऊंना विचारलं, "नाव काय लिहू?"

"माजं कशाला?" भाऊ म्हणाले. "बोली तिची हाय."

"मग त्यांचं सांगा."

आता त्या काळी आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नवराही बायकोचं घेत नसे. भाऊ आईला "अगं", "ऐकलं का", फार झालं तर "मंदाची आई" म्हणायचे. तिचं नाव मी रेशनकार्डावर वाचलं होतं, कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आई नेहमीप्रमाणे पदराआड गेली. भाऊंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. आमच्या देवळात वस्तू ज्याच्या पदरात पडते त्याचं नाव मानकऱ्याने पायरीवर उभं राहून पुकारायचं असतं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. भाऊ मेहेरबाईंच्या पायरीवर चढले. पुण्या-मुंबईची माणसं बघत राहिली. घाटातल्या वाऱ्यावर हाका मारून कमावलेला त्यांचा तो आवाज, त्यांनी तो सगळा लावला.

"हिराबाईऽऽ! आंदर मावळच्या हिराबाईनं घेतलीऽऽ!"

झाडावरचे कावळे उडाले. भुशीकडच्या डोंगरावरून आईचं नाव परत आलं. मला हुंदका आवरेना. भाऊंचे डोळेही भरले होते आणि ते पुन्हा पुकारायला श्वास भरून घेत होते, तेवढ्यात आईने त्यांचा सदरा धरून त्यांना पायरीवरून खाली ओढलं.

"वरडताय कशापायी?" ती म्हणाली. "हितंच तर हाय मी."